सोळा जूनची रेघ: हाँगकाँग आणि व्हिएतनामी होडीवाले

१९८८ नंतरची काही वर्षं हाँगकाँगच्या रेडिओवर कॅन्टोनीज कार्यक्रमांच्या मध्येच एक सरकारी निवेदन लागायचं. भाषा व्हिएतनामी. सुरुवातीचे शब्द 'बात दाउ तू नाय', म्हणजे 'यापुढे', 'आजपासून'. पुढे सांगितलं जायचं की व्हिएतनामहून होडीने येणाऱ्यांसाठी हाँगकाँगात नवं धोरण लागू झालं आहे, पोटापाण्यासाठी येणाऱ्यांना बेकायदा घुसलेले समजलं जाईल, त्यांना तिसऱ्या देशात जाता येणार नाही आणि परत जाईपर्यंत कोठडीत राहावं लागेल. हाँगकाँगच्या लोकांना यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण टॅक्सीत, चहाच्या दुकानात ते इतक्या वेळा कानावर पडलं की 'बट लाउ दुंग लाय' अशा मोडक्या उच्चारात ते त्यांच्या तोंडी बसलं आणि व्हिएतनामी माणसाला चिडवायचं नाव होऊन गेलं. निवेदन ज्यांच्यासाठी होतं ते तेव्हा उत्तर व्हिएतनाममधल्या हायफाँगच्या किनाऱ्यावर होडीची डागडुजी करत होते, किंवा भर समुद्रात होते.

आश्रय मागायला आलेल्या माणसांशी सरकारने कसं वागावं यावर आपण बोलतो तेव्हा वाद बहुधा 'घ्यावं की न घ्यावं' एवढ्यावरच अडतो. १९९७ पर्यंत ब्रिटिश वसाहत असलेल्या हाँगकाँगने १९७५ ते २००० या पंचवीस वर्षांत घेऊन पाहिलं, कोंडून पाहिलं, छाननी करून पाहिली आणि परतही पाठवलं. दोन लाखांहून अधिक व्हिएतनामी त्या बंदरात आले. त्यांपैकी सुमारे १ लाख ४३ हजार जणांना दुसऱ्या देशांनी घेतलं, ६७ हजारांहून अधिक मायदेशी गेले, काही राजीने आणि बरेच नाइलाजाने. एकाच शहराने एकाच प्रश्नावर इतके उपाय एकामागून एक केले, म्हणून हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं.

माझं मत आधीच सांगतो. आलेल्यांची छाननी करणं चूक नव्हतं. ज्याला आश्रयाचा हक्क नाही त्याला परत पाठवणंही मुळात चूक नव्हतं. चूक होती ती आत आलेल्या माणसाला अनिश्चित काळ कोंडून बाहेरच्या माणसाला धाक दाखवण्यात. शिक्षा एकाला आणि निरोप दुसऱ्याला, अशी ती रचना होती. निरोप पोचला नाही. शिक्षा मात्र भोगली गेली.

पहिली माणसं

अमेरिकेच्या बाजूने लढणाऱ्या दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन कम्युनिस्ट उत्तरेच्या हाती पडली ३० एप्रिल १९७५ ला. त्यानंतर चौथ्या दिवशी, ४ मे रोजी, इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ पहिल्यांदाच हाँगकाँगला आली. शहर सजलेलं होतं. त्याच दिवशी 'क्लारा मर्स्क' नावाचं डॅनिश मालवाहू जहाज ३,७४३ निर्वासितांना घेऊन बंदरात आलं. बुडायला आलेल्या एका व्हिएतनामी जहाजावरची ही माणसं कप्तानाने भर समुद्रात उचलून घेतली होती. हाँगकाँगने त्यांना उतरवून घेतलं, छावण्यांत ठेवलं आणि पुढे वेगवेगळ्या देशांत त्यांची सोय लावली. त्या वेळी कोणी फारशी खळखळ केली नाही. ही एकदाच घडणारी गोष्ट आहे, असंच सगळे धरून चालले होते.

खरी परीक्षा सुरू झाली १९७८ च्या शेवटी. त्या वर्षी व्हिएतनाम सरकारने दक्षिणेतला खासगी व्यापार बंद केला. हा व्यापार मोठ्या प्रमाणात तिथल्या चिनी वंशाच्या लोकांच्या हातात होता, त्यांना 'होआ' म्हणतात. चीनशी संबंध बिघडत चालले होते, फेब्रुवारी १९७९ मध्ये तर युद्धच झालं. होआ लोकांना देशात राहणं अशक्य झालं आणि त्यांच्या जाण्याचाही धंदा झाला. स्थानिक अधिकाऱ्यांना सोनं द्यायचं आणि जहाजावर चढायचं. माणशी आठ-दहा ताएल अशी साधारण बोली असे. एक ताएल म्हणजे आपले जवळपास सव्वातीन तोळे. म्हणजे एका माणसामागे पंचवीस-तीस तोळे सोनं. पिढ्यान्‌पिढ्यांची पुंजी त्यात गेली.

'हुए फाँग' हे असंच एक जहाज. डिसेंबर १९७८ च्या अखेरीस ते ३,३०० हून अधिक माणसं घेऊन हाँगकाँगच्या हद्दीबाहेर येऊन उभं राहिलं. सरकारने बंदरात घ्यायला नकार दिला. जहाज तैवानला निघालं होतं, तिथेच जावं, असं सांगितलं. जवळपास महिनाभर ते तसंच उभं होतं. सरकार अन्न-औषधं पोचवत होतं आणि त्याच तोंडाने पुढे जा म्हणत होतं. शेवटी १९ जानेवारी १९७९ ला जहाज आत घेतलं. झडतीत इंजिनाच्या खोलीत दडवलेलं सोनं सापडलं, ते तीन हजार ताएलांच्या वर होतं. कप्तान आणि त्याच्या साथीदारांना पुढे शिक्षा झाल्या. या सोन्यामुळे हाँगकाँगच्या जनमतात एक गोष्ट कायमची रुतून बसली, की ही माणसं पैसे भरून येतात, मग ती निर्वासित कशी? जीव वाचवायलाही कधी कधी पैसे मोजावे लागतात हे साधं उत्तर तेव्हा फार थोड्यांनी दिलं.

त्यामागून आलं 'स्कायलक'. फेब्रुवारी १९७९ मध्ये सुमारे २,६०० माणसं घेऊन हे जहाज रात्रीच्या वेळी थेट बंदरातच शिरलं. त्याला लामा बेटाजवळ नेऊन नांगरून ठेवलं. समोर किनारा दिसतोय, दिवे दिसतात, आणि उतरायची परवानगी नाही. साडेचार महिने असे गेले. २९ जूनला जहाजावरच्या लोकांनी नांगराची साखळी कापली. जहाज वाहत जाऊन लामा बेटाच्या खडकांवर आपटलं आणि माणसं किनाऱ्यावर आली.

त्या एका वर्षात हाँगकाँगात सुमारे ६८ हजार जण आले. शहराची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्या आसपास, जागेची मारामार कायमची. कॅन्टन रोडवरच्या सरकारी गोदीतल्या गोदामांत हजारो माणसं दाटीवाटीने झोपत होती. तरीही आलेल्या होड्या समुद्रात परत ढकलायच्या हे धोरण हाँगकाँगने स्वीकारलं नाही. मलेशिया आणि थायलंडने ते केलं होतं, त्यात माणसं बुडून मेली. हा फरक लहान नाही, आणि पुढची टीका करताना तो विसरता येत नाही.

जुलै १९७९ मध्ये जिनिव्हात ६५ देशांची परिषद झाली. तिथे एक सौदा ठरला. शेजारच्या देशांनी किनाऱ्याला आलेल्यांना तात्पुरतं उतरवून घ्यायचं, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स यांसारख्या देशांनी त्यांना कायमचं न्यायचं, आणि व्हिएतनामने बेकायदा निर्गमन थांबवून विमानाने रीतसर जाण्याची वाट उघडायची. ब्रिटनने हाँगकाँगमधून दहा हजार जण घ्यायचं कबूल केलं. सौदा दोन-तीन वर्षं नीट चालला. हाँगकाँगच्या छावण्या तेव्हा उघड्या होत्या. कारखान्यांना हात कमी पडत होते, त्यामुळे निर्वासित सकाळी प्लास्टिकच्या आणि कपड्यांच्या कारखान्यांत कामाला जायचे आणि संध्याकाळी छावणीत परतायचे. पाळीची वाट पाहत, पण स्वतःच्या कमाईवर.

दार बंद करण्याची पहिली खेप

मग न्यायला येणाऱ्या देशांचा उत्साह ओसरला. येणाऱ्यांचा ओघ कमी झाला होता, पण जाणाऱ्यांचा त्याहून जास्त आटला. २ जुलै १९८२ पासून हाँगकाँगने बंदिस्त छावण्यांचं धोरण आणलं. त्या दिवसापासून येणाऱ्याला लांटाव बेटावरच्या ची मा वान सारख्या ठिकाणी कुंपणाआड ठेवायचं, बाहेर काम नाही, बाहेर शाळा नाही. कारभार तुरुंग खात्याकडे. त्या वेळच्या सरकारी बोलीत याला माणुसकी राखून घातलेला धाक म्हणत. ही सगळी माणसं अजून कायद्याने निर्वासित मानली जात होती, हे लक्षात ठेवायला हवं. म्हणजे सरकार मान्य करत होतं की यांना आश्रयाचा हक्क आहे, आणि तो हक्क बजावल्याबद्दल त्यांना कोंडत होतं.

येणाऱ्यांची संख्या पुढची काही वर्षं खाली गेली. सरकारने याचं श्रेय कुंपणाला दिलं. पण १९८७ मध्ये साधारण ३,४०० जण आले, १९८८ मध्ये १८ हजारांच्या वर आणि १९८९ मध्ये ३४ हजारांच्या वर. कुंपण तेच होतं. बदललं होतं ते व्हिएतनाम. महागाई दरसाल शेकडो टक्क्यांनी चढत होती, १९८८ मध्ये उत्तरेत उपासमारीची वेळ आली. आता येणारे बहुतेक उत्तरेकडचे होते, हायफाँग आणि क्वांग निन्ह भागातले कोळी, मजूर, छोटे कारागीर. अमेरिकेशी त्यांचा कधी संबंध आलेला नव्हता, त्यामुळे अमेरिकेलाही त्यांच्यात रस नव्हता.

हाँगकाँगच्या सामान्य माणसाचा राग समजून घ्यायचा तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. चीनमधून पळून येणाऱ्यांना शहरात पोचलं की राहू देण्याची सवलत ऑक्टोबर १९८० मध्ये सरकारने काढून घेतली होती. त्यानंतर शेजारच्या क्वांगतुंग प्रांतातून पोहत किंवा कुंपण ओलांडून आलेला चिनी माणूस पकडला गेला की त्याला लगेच परत पाठवत. हाँगकाँगच्या असंख्य कुटुंबांचे भाऊ, मावश्या, चुलते पलीकडे होते. स्वतःच्या सख्ख्या भाच्याला दुसऱ्या दिवशी सीमेपार सोडायचं आणि परक्या व्हिएतनाम्याला वर्षानुवर्षं पोसायचं, हा कुठला न्याय, असं बाजारात बोललं जायचं. या प्रश्नात वंशद्वेष मिसळलेला होता हे खरं, पण प्रश्न खोटा नव्हता. ब्रिटिश सरकारने त्याचं सरळ उत्तर कधी दिलं नाही.

मध्यरात्रीची रेघ

१५ जून १९८८ ला सरकारने जाहीर केलं की मध्यरात्रीनंतर येणारा प्रत्येक व्हिएतनामी बेकायदा घुसलेला समजला जाईल. तो निर्वासित आहे हे छाननीत सिद्ध झालं तर ठीक, नाही तर मायदेशी परत पाठवेपर्यंत कोठडी.

समजा, हायफाँगजवळच्या एकाच गावातून दोन होड्या निघाल्या. उत्तरेच्या होड्या चीनच्या किनाऱ्याकिनाऱ्याने येत, वाटेत बंदरांवर थांबत, पाणी भरत, इंजिन दुरुस्त करत. या प्रवासाला आठवडे लागायचे. पहिली होडी पंधरा तारखेला संध्याकाळी पोचली, तिच्यातले लोक निर्वासित. दुसरीचं इंजिन वाटेत बंद पडलं, ती सोळाला सकाळी पोचली. तिच्यातले लोक आरोपी. निघताना दोघींतल्या कोणालाच ही रेघ ठाऊक नव्हती, कारण ती अजून ओढलीच गेली नव्हती. धोरण ठरवताना कुठेतरी तारीख घालावीच लागते, हे मान्य. पण बारा तासांची मुदत देऊन आठवड्यांचा प्रवास करणाऱ्याला बांधून घालायचं, यात न्याय कुठे बसतो ते मला आजवर उमगलेलं नाही. वर्षभराने, जून १९८९ मध्ये, जिनिव्हात दुसरी परिषद झाली आणि बाकीच्या देशांसाठीही छाननी ठरली. तिथली तारीख १४ मार्च १९८९ होती.

आता छाननीबद्दल. हा या प्रकरणाचा गाभा आहे. १९५१ च्या निर्वासित कराराची व्याख्या वापरायची असं ठरलं होतं: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यामुळे छळ होईल अशी साधार भीती. ब्रिटनने या करारावर सही केलेली होती, पण तो हाँगकाँगला लागू केलेला नव्हता. (भारताने तर आजवर सहीच केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. तिबेटी असोत की श्रीलंकेचे तमिळ, त्यांचं काय करायचं ते सरकारी आदेशावर चालत आलं आहे. त्यामुळे हाँगकाँगच्या गुंत्याकडे आपण फार उंचावरून पाहू नये.)

मुलाखत इमिग्रेशन खात्याचा अधिकारी घ्यायचा. मध्ये दुभाषा. वकील नाही. अधिकारी प्रश्न विचारणार, दुभाषा सांगणार, उत्तर येणार, ते उलट भाषांतरित होऊन कागदावर उतरणार. आणि प्रश्न कशाबद्दल? व्हिएतनाममध्ये प्रत्येकाचं एक 'ली लिच' असे, म्हणजे घराण्याचा राजकीय लेखाजोखा. आजोबा जमीनदार होते का, वडील जुन्या सैन्यात होते का, कोण दक्षिणेत गेलं, कोण परदेशी आहे. मुलाला कॉलेजात प्रवेश मिळणार की नाही, चांगली नोकरी मिळणार की नाही, ते या कागदावर ठरायचं. दुसरा कागद 'हो खाउ', कुटुंबाची नोंदवही. त्यात नाव नसेल तर रेशनचा तांदूळ नाही. ज्याला सरकारने 'नव्या आर्थिक क्षेत्रा'त, म्हणजे जंगल तोडून शेती करायला पाठवलं आणि जो तिथून पळून शहरात परत आला, त्याचं नाव वहीतून गेलेलं असायचं.

असा माणूस अधिकाऱ्यासमोर बसून सांगतो, मला तांदूळ मिळत नव्हता, मुलाला शाळेत घेत नव्हते. अधिकारी लिहितो: आर्थिक अडचण. त्या तांदळामागे वडिलांची सैन्यातली नोकरी आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायचं तर विचारणाऱ्याला ली लिच म्हणजे काय हे आधी माहीत असावं लागतं. ज्या राज्यात भाकरीच राजकीय निष्ठेवर मिळते तिथे 'आर्थिक' आणि 'राजकीय' अशी फोड करायची तर हात फार जपून चालवावा लागतो. सुरुवातीच्या काळात तो तसा चालला नाही. प्रकरण न्यायालयात गेलं, प्रश्नावल्या सुधारल्या, उत्तरं अर्जदाराला वाचून दाखवायची पद्धत आली, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे वकील काही अपिलांत मदत करू लागले. तरी अपील मंडळ बहुधा कागदांवरच निर्णय करायचं, माणसाला समोर न बोलावता. शेवटी छाननीत पाचांपैकी एकही पूर्ण उतरला नाही, प्रमाण त्याहून खाली राहिलं. बाकीच्यांपैकी बहुतेक खरोखरच गरिबीला कंटाळून आले होते, असं माझंही मत आहे. पण किती जण चुकीच्या भाषांतरामुळे त्या बाजूला गेले, याचा हिशेब कधी लागणार नाही.

व्हाइटहेड

छाननीचा नंबर लागायला वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. तोवर मुक्काम कुंपणाआड. मा ऑन शानजवळच्या समुद्रकाठच्या टेकाडावर व्हाइटहेड नावाची सर्वांत मोठी छावणी होती, वीस हजारांवर माणसं मावतील अशी बांधलेली. पत्र्याच्या लांब शेड, आत तीन मजली फळ्या. एका फळीवर एक कुटुंब. पडदा म्हणून चादर किंवा गोणपाट. चार बाय आठ फुटांच्या त्या कप्प्यात नवराबायको झोपायचे, मूल अभ्यास करायचं, आजारी म्हातारी कण्हायची, आणि वरच्या फळीवर दुसरं कुटुंब हललं की खाली धूळ पडायची. छावणीचे भाग तारांनी वेगळे केलेले. या भागातून त्या भागात जायलाही परवानगी लागे. माणसाचं नाव कमी आणि क्रमांक जास्त वापरला जायचा. येणाऱ्या प्रत्येक होडीला क्रमांक मिळे आणि होडीच्या क्रमांकाखाली तिच्यातली माणसं. जेवण बाहेरून शिजवून यायचं. आईने मुलाला स्वतःच्या हाताने रांधून घालणं बंद झालं. हे वाचायला साधं वाटेल, पण घरातल्या बाईचा घरावरचा शेवटचा ताबा त्याने गेला. इथे जन्मलेल्या मुलांनी चार-पाच वर्षांची होईस्तोवर रस्ता, बाजार, गाय-कुत्रा काही पाहिलेलं नसायचं.

१९९१ मध्ये या छावण्यांतली एकूण संख्या ६० हजारांच्या वर गेली. इतकी माणसं, काम नाही, शेवट दिसत नाही, आणि उत्तरेचे-दक्षिणेचे जुने वैर शेजारी शेजारी. शेक काँगच्या जुन्या धावपट्टीवरच्या छावणीत ३ फेब्रुवारी १९९२ ला ते पेटलं. ती तेतची, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाची, पूर्वसंध्या होती. दोन गटांत मारामारी झाली, एका शेडला आग लावली गेली. चोवीस माणसं आत जळून मेली, त्यांत बायका आणि मुलं होती. आग लावणारे दोषी होतेच. पण वर्षानुवर्षं रिकाम्या हातांनी माणसांना एकावर एक रचून ठेवणारी व्यवस्थाही त्या चौकशीत उभी राहायला हवी होती.

परतीची विमानं

१२ डिसेंबर १९८९ च्या पहाटे, अंधार असतानाच, दंगलविरोधी तयारीतल्या पोलिसांनी ५१ व्हिएतनामींना उठवलं आणि विमानात बसवून हनोईला पाठवलं. त्यांत निम्मी मुलं होती. जगभर गहजब झाला. अमेरिकेने कडक शब्दांत निषेध केला. ब्रिटनने विचारलं की हैतीच्या होड्या समुद्रातच अडवून तुम्ही माणसं परत पाठवता, त्याचं काय? दोघंही एकमेकांबद्दल खरं बोलत होते. जबरीची उड्डाणं मात्र जवळपास दोन वर्षं थांबली.

इथे एक बारकावा आहे. मार्च १९८९ पासून स्वेच्छेने परत जाणाऱ्यांसाठी योजना सुरू होती. उच्चायुक्तालय त्यांना परतल्यावर वर्षभर दरमहा ३० डॉलर द्यायचं. व्हिएतनामच्या खेड्यात ही रक्कम मोठी होती. त्यामुळे काही जण परत जाऊन पुन्हा होडीने आल्याचंही दिसून आलं. पण हीच योजना सर्वांत जास्त माणसांना घरी घेऊन गेली. युरोपीय समुदायाने परतलेल्यांना छोट्या धंद्यासाठी कर्जं देण्याचा कार्यक्रम चालवला. उच्चायुक्तालयाची माणसं व्हिएतनामच्या गावांत जाऊन परतलेल्यांना भेटायची, कोणाचा छळ होतो का ते विचारायची. मोठ्या प्रमाणावर छळ झाल्याचं त्यांना आढळलं नाही.

ऑक्टोबर १९९१ मध्ये ब्रिटन आणि व्हिएतनामचा करार झाला, छाननीत नापास झालेल्यांना व्हिएतनाम परत घेणार. ९ नोव्हेंबरला ५९ जणांना हर्क्युलस विमानाने पाठवलं, काहींना अक्षरशः उचलून आत न्यावं लागलं. सप्टेंबर १९९१ नंतर येणाऱ्यांसाठी परतीची रोख मदतही बंद करण्यात आली होती. १९९१ मध्ये वीस हजारांहून अधिक व्हिएतनामी हाँगकाँगला आले होते. १९९२ मध्ये आले बारा.

बारा हजार नव्हे, बारा माणसं. या आकड्याकडे मी पुन्हा पुन्हा परत येतो. दहा वर्षं कुंपण उभं होतं, तरी एकट्या १९८९ मध्ये चौतीस हजार आले. परतीचा करार झाला, पैशाचं आमिष गेलं, व्हिएतनामची शेती आणि बाजार सुधारायला लागले, आणि ओघ एका वर्षात आटला. परतलेला शेजारी गावात दिसतो, त्याला कोणी तुरुंगात टाकलेलं नाही, आणि अमेरिकाही मिळालेली नाही. हा निरोप पोचला, कारण तो माणसाच्या तोंडून पोचला. रेडिओवरून सांगितलेली कोठडी पोचली नव्हती. मग त्यानंतरही उरलेल्यांना आणखी चार-पाच वर्षं तारेआड ठेवण्याला धाकाचं कारणही उरलेलं नव्हतं.

तरी ठेवलं. एप्रिल १९९४ मध्ये व्हाइटहेडमधून सुमारे १,५०० जणांना दुसरीकडे हलवायचं होतं. ते तयार नव्हते. पोलिसांनी बायका-मुलांच्या वस्तीवर अश्रुधुराची पाचशेहून अधिक नळकांडी फोडली. १९९५ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये या लोकांची पुन्हा छाननी करण्याचा प्रस्ताव आला. तो कायदा होण्याआधीच छावण्यांत बातमी पसरली की अमेरिका नेणार, आणि स्वेच्छेने परत जाण्यासाठी नाव नोंदवणारे एकदम थांबले. दूरच्या राजधानीत सद्‌भावनेने उच्चारलेलं वाक्य कुंपणाआड किती महाग पडतं, ते तेव्हा दिसलं. १० मे १९९६ ला व्हाइटहेडमध्ये पुन्हा दंगल झाली, इमारती आणि गाड्या जळाल्या, शंभराहून अधिक जण पळाले.

न्यायालयाने विचारलेला प्रश्न

शिल्लक राहिला एक गट, ज्याला परत पाठवताच येत नव्हतं. चिनी वंशाच्या काही जणांना व्हिएतनाम आपले नागरिक मानत नव्हता, तैवानचे म्हणत होता. पाठवता येत नाही आणि सोडायचं नाही, म्हणून ते तीन-चार वर्षं कोठडीत. त्यांपैकी चौघांचा खटला १९९६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वसाहतींच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेला. निकाल असा, की परत पाठवण्यासाठी कोठडीचा अधिकार दिलेला असेल तर तो पाठवायला लागणाऱ्या वाजवी काळापुरताच आहे. पाठवणं शक्यच नसेल तर कोठडीलाही आधार नाही.

या निकालाचा पाया एका भारतीय माणसाच्या खटल्यात आहे. १९८३ मध्ये हद्दपारीची वाट पाहत ब्रिटनच्या डरहॅम तुरुंगात अडकलेल्या त्या माणसाने विचारलं होतं, मी शिक्षा भोगली, भारतात पाठवायचं तर पाठवा, मला नुसतं ठेवलंय कशाला? सरकार त्याच्या प्रवासाच्या कागदांबाबत महिनोन्‌महिने चालढकल करत होतं. न्यायाधीशांनी तेव्हा घालून दिलेले नियम आज त्याच्याच नावाने ओळखले जातात. एका परक्या माणसाने विचारलेला साधा प्रश्न तेरा वर्षांनी हाँगकाँगच्या ताई आ चाउ बेटावरच्या कोठडीचं दार उघडायला कामी आला.

हा नियम १९८२ मध्येच धोरणात लिहिला असता तर? कोठडी किती दिवस, ते कोण तपासणार, मुदत संपली की काय. या तीन ओळी. छाननी थांबली नसती, परतीचे करार अडले नसते. फक्त छाननीला उशीर झाला तर त्याची किंमत सरकारला मोजावी लागली असती, आणि म्हणून कदाचित उशीर कमी झाला असता. हाँगकाँगमध्ये उशिराची किंमत शेवटपर्यंत आतल्या माणसाने मोजली.

१९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे जायचं होतं आणि त्याआधी छावण्या रिकाम्या करा असा बीजिंगचा आग्रह होता. तो पूर्ण झाला नाही, पण संख्या अगदी थोडी उरली. ९ जानेवारी १९९८ ला नव्या सरकारने व्हिएतनामींना पहिला आसरा देण्याचं जुनं धोरण अधिकृतपणे संपवलं. छावण्यांच्या खर्चापोटी उच्चायुक्तालयाकडून ११६ कोटी हाँगकाँग डॉलर येणं बाकी होतं, आणि ते कधी मिळणार हा प्रश्न विधिमंडळात वर्षानुवर्षं विचारला जात राहिला.

शेवटची छावणी तुएन मुनची, पिलर पॉइंट. तिथले काही जण छाननीत निर्वासित ठरलेले होते, पण व्यसन, गुन्ह्याची नोंद किंवा आजारपण यामुळे कोणताच देश त्यांना घेत नव्हता. काही जण नापास ठरलेले, पण व्हिएतनाम त्यांना आपलं म्हणत नव्हतं. फेब्रुवारी २००० मध्ये हाँगकाँग सरकारने जाहीर केलं की अशा सुमारे १,४०० जणांना इथेच कायम राहता येईल. त्यांच्या अर्जांवर हाँगकाँगचं ओळखपत्र मिळालं, आणि मेअखेरीस पिलर पॉइंटचं फाटक बंद झालं.